जुनी काच जमा करा

चूक कंपनीने करायची आणि खेटे गिऱ्हाईकाने घालायचे, हा कुठला न्याय? "तुमच्या गाडीची मागची काच निखळू शकते, मोफत बदलून देऊ," असा मेसेज कंपनीनेच आखातातल्या रुवीत राहणाऱ्या प्रणालीला पाठवला. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा सतीश पुण्याचा. दर खेपेला तो गोड हसून म्हणायचा, "आपला माणूस म्हणून सांगतो ताई, काच पुढच्या आठवड्यात नक्की. इन्शाल्ला!"

शेवटी वाळवंटातल्या इब्रा गावाच्या रस्त्यावर काच निखळली, आपटली आणि तिचा चुरा झाला. मागे बसलेली प्रणालीची लेक सई बचावली, हेच नशीब.

दुसऱ्या दिवशी नवी काच खरोखरच आलेली होती.

"पण ताई, जुनी जमा केल्याशिवाय नवी बसवता येत नाही. रूल आहे."

"अहो, ती पडली!"

"पडलेली चालेल की. घेऊन या."

प्रणालीने गाडी वळवली ती थेट इब्राला.



संध्याकाळी तिने बासमतीच्या रिकाम्या पोत्यात भरून आणलेला काचेचा चुरा वाळूसकट सतीशच्या काउंटरवर उपडा केला आणि म्हणाली, "आपला माणूस म्हणून विचारते सतीशभाऊ, यातला बिघडलेला तुकडा नेमका कुठला, तेवढं सांगा!"