पोच कुणाची?

"कलम सतराची चाचणी गाळून टाका," मोठ्या कंपनीचे प्रमुख म्हणाले. "त्यात काय तपासायचंय? नियमपुस्तकात सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ लिहिलंय."

टेबलाभोवती माना डोलल्या. टोकाला बसलेल्या धाकटीचीही डोलू लागली होती, ती तिनं मध्येच आवरली.

अंतराळयानांनी एकमेकांशी आणि पृथ्वीशी कसं बोलायचं, याचं ते नियमपुस्तक. ते वाचून दोन कंपन्यांनी, एकमेकींचं काहीही न बघता, आपापले प्रोग्राम लिहिले होते. महिन्याभरानं ते एकमेकांना जोडायचे होते. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळतंय का, ते बघायला. आजच्या बैठकीत अध्यक्षबाईंसमोर फक्त चाचण्यांची यादी ठरत होती. एक कंपनी चारशे माणसांची. दुसरी दोन बहिणींची, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. थोरलीनं धाकटीला बजावून पाठवलं होतं, "तिथे तोंड उघडून हसं करून घेऊ नकोस. आपल्याला वगळलं, तर तीन वर्षांची मेहनत पाण्यात."

पण ती तीन वर्षं कलम सतरानं धाकटीला छळलं होतं.

"मला ते वाक्य कळलेलं नाही," ती म्हणाली.

कुणीतरी खुदकन हसलं. धाकटीचे कान तापले. पण आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता.

"'पोच मिळेपर्यंत प्रत जपून ठेवावी.' पण कुणाची पोच? आपल्या यानानं फोटो पृथ्वीकडे पोचवायला मधल्या यानाकडे दिला. ते म्हणालं, मिळाला. तेवढ्यावर आपली प्रत पुसायची, की पृथ्वीवरून निरोप येईपर्यंत थांबायचं? पुसली आणि मधलं यान बिघडलं, तर फोटो गेलाच की!"

"अहो, उघड आहे ते," प्रमुख म्हणाले.

"उघड आहे ना? मग लिहून द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी वहीचं पान फाडून चार चिठ्ठ्या केल्या. एक प्रमुखांना, एक त्यांच्या सहायकाला, एक धाकटीला, एक स्वतःला. "आणि शेजारच्याचं बघायचं नाही."

प्रमुखांची चिठ्ठी आधी उघडली. 'मधल्या यानाची.' धाकटीची उघडली. 'पृथ्वीची.' प्रमुख समजूतदारपणे हसून खुर्चीत रेलले.

सहायकाची उघडली. 'पृथ्वीची.'

प्रमुख ताडकन सरळ झाले. "अरे, चार वर्षं आपण शेजारी बसतोय!"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, सर."

"मग आपल्या प्रोग्रामात तो भाग लिहिलाय कुणी?"

"मीच, सर."

सगळी खोली हसायला लागली. शेवटी प्रमुखही डोळे पुसेपर्यंत हसले. अध्यक्षबाईंनी कलम सतरा यादीत सगळ्यांत वर घेतलं. त्यापुढे जबाबदारी म्हणून धाकटीच्या कंपनीचं नाव लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

"आणि बाई, तुमची चिठ्ठी?" प्रमुखांनी विचारलं.

बाईंनी ती उलगडून टेबलावर ठेवली. तिच्यावर एक भलंमोठं प्रश्नचिन्ह होतं.

"वाक्य माझंच आहे," त्या म्हणाल्या. "पुस्तक छापून आल्यापासून मलाही हीच शंका आहे. पण मी विचारणार कुणाला?"