रिकामा पैठण रस्ता

न्हाणीचं दार उघडून अंगद बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ओली, ठिबकणारी फिल्म होती आणि तोंडभर हसू होतं.

"शीला, बघ, गेलं सगळं! एक टेम्पो उरला नाय रस्त्यावर!"

शीला नुकतेच भरून आणलेले दोन हंडे फडक्यानं झाकत होती. आठवड्यानं टँकर आला होता. त्याच्यासाठी सकाळपासून रस्त्याच्या कडेला बसून तिची कंबर धरली होती. नवऱ्याच्या खुळाचं कौतुक करायला तिच्यात जीव नव्हता.

"माझी परात कुठाय?"

"आत हाय. फिल्मचं औषध हाय तिच्यात."

"म्हंजे गेली."

खूळ तसं वर्षभराचं. निवृत्त झालेली माणसं देवळात बसतात, पारावर बसतात. कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं लोखंड घासलेला अंगद छावणीच्या बाजारात भंगारवाल्यांकडे बसायला लागला. बंद पडलेल्या छापखान्यातलं एक मोठं पितळी भिंग तिथून घरी आलं. मग बुडालेल्या एका स्टुडिओतलं फोटो मोठे करायचं यंत्र आलं. त्याचा भाता त्यानं सोडवला आणि घरी केलेल्या लाकडी पेटीला डकवला. भिंगाला बसेल अशी कडी मात्र कुठं मिळेना. शेवटी त्यानं आटलेल्या बोअरचा पाइप वर ओढला, त्याचा जोड कापला, आतून कानशीनं घासला, आणि भिंग त्यात चपखल बसलं. "चला, बोअरचा एवढा तरी उपेग झाला," शीला तेव्हा म्हणाली होती.

पेटीत एक्स-रेची फिल्म आणि भिंगापुढं वेल्डरची काळी काच. त्या काचेतून उजेड इतका सावकाश आत शिरतो की एका फोटोला चांगली दहा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात जे हलतं ते फिल्मवर उमटतच नाही. ट्रक, मोटरसायकली, माणसं, सगळं पुसून जातं. अंगदला तेच हवं होतं.

त्याला बापाचा रस्ता हवा होता. त्याचा बाप मल्हारी मेंढरं घेऊन याच पैठण रस्त्याच्या मधोमध चालायचा, आणि मागून एखादी एसटी आलीच तर कळप वळेपर्यंत बिचारी गुमान थांबायची. आता चितेगावात रस्ता ओलांडायचा तर जीव मुठीत धरावा लागतो. गच्चीवरून दिसणारं समोरचं लिंबाचं झाड आणि त्यामागचा माळ एवढंच जुनं उरलं होतं. त्या लिंबावरही रुंदीकरणवाल्यांची लाल फुली पडली होती. सोमवारी ते झाड तोडणार होते, आणि अंगदच्या डब्यात एकच फिल्म शिल्लक होती.

ती साधली होती. त्यानं ती खिडकीसमोर धरली. निगेटिव्हच ती, आकाश काळं आणि झाड पांढरं. पण वर्षभरात शीलालाही हे उलटं वाचायची सवय झाली होती. रस्ता खरंच सुनसान होता. इतका की आता वळणावरून बाप येईल, खांद्यावर घोंगडी टाकून, असं अंगदला वाटलं.

"आन् ह्ये काय?" शीलानं खालच्या कोपऱ्याशी बोट नेलं.

झाडाखाली हंड्यांची, घागरींची, प्लास्टिकच्या कॅनची रांग होती. भांडी जागच्या जागी, माणूस एकही नाही. बायका आल्या, भांडल्या, उठल्या, बसल्या, आणि साऱ्या पुसल्या गेल्या. फक्त एक राहिली होती. खोडाला पाठ टेकून, हनुवटीला हात लावून बसलेली. तिच्या पदराची घडीसुद्धा स्पष्ट आली होती.

अंगदनं फिल्म डोळ्यांजवळ नेली. "तू?"

"मग कोण?"

"एवढा येळ हललीच नाय? झोप लागली व्हती का?"

"झोप लागून कसं चालंल? नंबर गेला असता. टँकर येतो तिकडं बघत व्हते."

घरात घडीभर एका जागी न टिकणारी बाई. गच्चीवरून तो त्याच वळणाकडं डोळे लावून बापाला शोधत होता, आणि खाली ती टँकरला. तेवढ्या वेळात त्याचं एकदाही तिच्याकडं लक्ष गेलं नव्हतं. त्याला लाज वाटली.

फिल्म अजून धुवायची होती. वरचं औषध निघालं नाही तर महिन्या-दोन महिन्यांत ती पिवळी पडते आणि चित्र विरून जातं. धुवायची म्हणजे तीन-चारदा पाणी बदलायचं, एक हंडा तरी गेलाच. तो हंडा कसा मागायचा याची गोड बोलणी त्यानं न्हाणीत मनाशी जुळवून ठेवली होती. ती आता त्यानं सोडून दिली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "बघितलं, बास झालं." आणि फिल्म दोरीवर टाकायला वळला.

"आधी ती परात रिकामी करून आना."

त्यानं परात आणली. शीलानं त्याच्या हातातून फिल्म काढून घेतली, कडेला धरून परातीत ठेवली आणि हंड्यावरचं फडकं बाजूला केलं.

"अगं, उद्याच्या सैपाकाला..."

"ही बाई सकाळधरनं पान्यासाठी बसलीया," शीला म्हणाली आणि तिनं हंडा कलता केला. "तिला तरी मिळू द्या."