किनाऱ्यावरची दोघं

मोठ्या तलावावर शिडाची होडी चालवायला शिकवणाऱ्या निवासी शिबिराचा तो शेवटचा दिवस होता. इंद्रपुरीची ऋजुता आणि तिचा धाकटा भाऊ मंदार पहिल्यांदाच सरांशिवाय होडी परत आणत होते.

शीड वाऱ्यानं गच्च फुगलं होतं. पाणी सपसप मागे जात होतं. तरी अर्धा तास झाला, किनारा होता तेवढाच लांब होता.

"ताई, आपण पुढे जातच नाहीये," मंदार म्हणाला.

"गप बस. दोरी ओढ."

सुकाणू धरून तिचे तळहात सोलवटले होते. बाकीच्या होड्या एकेक करून धक्क्याला लागल्या. सगळ्यांत शेवटी सात नंबरची लागली.

सात नंबर त्यांच्याच होडीचा होता.

तिच्यातून एक मुलगी आणि एक मुलगा उतरले. मुलीची चाल ऋजुताची होती. मुलगा मंदारसारखा नाक पुसत होता.

"चलो, सब आ गए!" सरांचा आवाज पाण्यावरून स्पष्ट ऐकू आला.

न्यायला आलेली आई धावत पुढे झाली आणि तिनं त्या दोघांना पोटाशी धरलं.

"आई! अगं, आम्ही इथे आहोत!" ऋजुता घसा फाटेस्तोवर ओरडली. मंदार रडत दोन्ही हात हलवत होता.

आई थबकली. डोळ्यांवर हात धरून तिनं थेट त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग त्या दोघांचे हात घट्ट धरून ती भरभर चालू लागली.