तिसऱ्या इनिंगमधली मिठी

बेसबॉलच्या सामन्याची तिसरी इनिंग चालू होती, तिनातले दोन बॅटर बाद होते, समोरच्यांना एकही धाव मिळाली नव्हती, आणि तरीही कोच रस्क ताडताड चालत मैदानात आला आणि त्याने एलिसेरपुढे चेंडूसाठी हात पसरला.

"काय चुकलं, कोच?"

"काही नाही. बाहेर ये."

एलिसेर गोंधळला. बाकावरची पोरं मात्र गोंधळली नाहीत. आज एकतीस जुलै. संध्याकाळी पाचला खेळाडूंच्या अदलाबदलीचा बाजार बंद होणार. अशा दिवशी झकास चेंडू टाकणाऱ्या पोराला मध्येच बाहेर बोलावलं की समजायचं, विकला गेला. विकलेल्या मालाला ओरखडा नको म्हणून बाहेर काढतात, दुसरं काय! आणि एकदा बाहेर काढलेला त्या सामन्यात परत येत नाही. मग त्याला मिठी मारायची रीत आहे.

सगळे तुटून पडले त्याच्यावर.

"सुटलास, साल्या! या भिकार गावातून सुटलास!"

"टीव्हीवर दिसायला लागलास की ओळख दाखव रे आम्हाला."

"बदल्यात कोण येतोय माहितीय? ब्रॅनिगन!"

"तो अडतीस वर्षांचा थेरडा?"

"थेरडा असू दे, अजून चेंडू कुंपणाबाहेर धाडतो. ज्यांच्यासाठी आपण इथे तयार होतोय, त्या आपल्या वरच्या मोठ्या संघाला चषक यंदाच हवाय. आपण पडलो कैऱ्या. कैऱ्या पिकायची वाट कोण बघतंय?"

एलिसेरला मात्र वाट बघावी लागणार नव्हती. त्याला घेणारा संघ तळाला पडला होता, चेंडू टाकणारा पिचर म्हणायला कुणी उरलं नव्हतं. गेल्या गेल्या मोठ्या मैदानात उतरवणार होते. चार वर्षं त्याने याच्यासाठी बसमध्ये उभ्या-आडव्या झोपा काढल्या होत्या.

जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यांना काहीतरी देऊन जायचं असतं. त्याने एकाला बूट दिले. तेवढ्यात त्याच्या जागी आलेला टकर उरलेला बॅटर बाद करून धावत आला. टकर हॉब्स त्याच्याच खोलीत राहायचा. त्याच्या ग्लव्हची वादी कधीची तुटली होती, बुटाच्या नाडीने बांधून खेळायचा बिचारा. एलिसेरने आपला ग्लव्ह काढून त्याच्या हातात कोंबला. दोन वर्षं तेल चोळून लोण्यासारखा मऊ केलेला, मनगटावर लाल दोऱ्याने 'मातेओ' शिवलेला. ते आडनाव आईने शिवलं होतं.

"वेडा झालास?" टकर म्हणाला.

"घे रे. मला आता कंपनीवाले फुकट देतील. खोलीवरचं कॉफीचं भांडंही तुलाच."

कपडे बदलायच्या खोलीतून त्याने बानीला, समुद्रापलीकडच्या आपल्या गावी, आईला फोन लावला.

"आई, मी वर चाललोय."

"वर म्हणजे टीव्हीवर?"

"टीव्हीवर."

पलीकडे किंचाळी, मग शेजारणींना हाका, मग कुणीतरी भांडं बडवायला लागलं. त्या गोंधळातही तिने विचारलंच, "आणि हात रे?"

"काही नाही गं. सकाळी केस विंचरताना जरा आखडतो. फिजिओ म्हणतो, उशाखाली हात घेऊन झोपतोस म्हणून."

फोन ठेवतोय तोच रस्कने हाक मारली. त्याच्या खोलीत एकच खुर्ची मोकळी होती.

"बस, पोरा. ते तुला घेत नाहीयेत."

एलिसेर उभाच राहिला.

"त्यांच्या डॉक्टरने तुझा एप्रिलमधला एमआरआय मागवला. कोपरातलं लिगामेंट फाटलंय. तेव्हा अर्धं होतं, आता काय उरलं असेल देव जाणे."

"एप्रिलमध्ये तर मला सांगितलं, काही निघालं नाही."

आपण काय बोलून बसलो ते रस्कला आत्ता कळलं. त्याने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली.

"त्यानंतर मी सतरा सामन्यांत चेंडू टाकलेत, कोच."

"आणि काय टाकलेस! म्हणून तर गिऱ्हाईक आलं."

"आता?"

"आता ऑपरेशन. दीड वर्ष. मग बघू."

"आणि ब्रॅनिगन?"

"ब्रॅनिगन येतोय. सौदा मोडलेला नाही, त्यांनी माणूस बदलून मागितलाय." रस्क उठला. "सरक, मला मैदानात जायचंय."

एलिसेर त्याच्या मागोमाग बाकापर्यंत आला. रस्क ताडताड चालत गेला आणि त्याने टकरपुढे चेंडूसाठी हात पसरला. दोघं क्षणभर काही बोलले. टकरने बाकाकडे पाहिलं.

मग तीच पोरं उठली, त्याच आरोळ्या, त्याच मिठ्या. "सुटलास, साल्या!" टकर ढसाढसा रडत होता. रडत रडतच तो एलिसेरसमोर येऊन उभा राहिला.

"अरे मार की मिठी!" मागून कुणीतरी एलिसेरला ढकललं.

त्याने डाव्या हाताने मिठी मारली. उजवा त्याने अंगाशी धरून ठेवला होता, दुसऱ्याचं मूल सांभाळायला दिल्यासारखा.

"तुझं कॉफीचं भांडं ठेवून जातो," टकर नाक पुसत म्हणाला. मग त्याने हातातल्या ग्लव्हकडे पाहिलं. "हा मात्र नेऊ का रे? कोच म्हणाला, दीड वर्ष तुला लागायचा नाही."

एलिसेरच्या खिशातला फोन थरथरत होता. आई असणार. केव्हा, कुठल्या चॅनेलवर, एवढंच विचारायचं असणार तिला.

टकरने ग्लव्ह छातीशी धरला आणि लाल दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

"नाव उसवणार नाही, आईशप्पत. टीव्हीवर दिसेल बघ."