माझं वाक्य

लेक वर्गात कुणाशी बोलत नाही, म्हणून रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात आमची तालीम चालायची. ती दारात उभी राहून विचारायची, "मला खेळायला घेता का?" मी भाजी चिरता चिरता तिची मैत्रीण व्हायचे आणि म्हणायचे, "ये ना, तुझीच वाट बघत होते." घरी पोपटासारखी बोलायची; शाळेत मात्र तोंडाला कुलूप.

आज तिला आणायला जरा लवकरच पोहोचले. सगळी मुलं मैदानात, आणि ही पायरीवर एकटीच खडे मांडत बसलेली. माझा जीव तुटला. तेवढ्यात नवीनच आलेली, अजून गणवेशही न मिळालेली एक मुलगी तिच्यासमोर येऊन थांबली. तिलाही काही बोलता येईना.

लेक जरा सरकली. म्हणाली, "ये ना, तुझीच वाट बघत होते."