कोरं दूध

पट्टी कालच्यापेक्षा जास्त हिरवी झाली आणि तिला ते खटकलं.

खरं तर आनंद व्हायला हवा होता. काचेच्या नळीतले ते मणी तिच्या नवऱ्याने केलेले होते, सिरिंजमधून थेंब थेंब सोडून, जाण्याच्या आदल्याच आठवड्यात. दुधातली साखर फोडून तिचं ग्लुकोज करणारं एन्झाइम त्याने त्यांत कोंडलं होतं. मोकळं सोडलं तर ते दुधाबरोबर वाहून जातं. कोंडलेलं मागे राहतं. मणी धुवायचे, थंडीत ठेवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला जुंपायचे. "घरजावई आहेत हे," तो म्हणायचा, "राबतात आणि पळूनही जात नाहीत." पट्टी ग्लुकोज दाखवायची; नळीतून उतरलेल्या दुधात ती हिरवी झाली की समजायचं, साखर फुटली. रोज सकाळी ती पट्टी बुडवी. माणूस गेला होता, पण त्याच्या हातचं काम चालू होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे तिचे सासरे. घरी बाबा, इथे सर. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, ज्या दिवशी पट्टी पिवळी राहील त्या दिवशी मणी टाकून नळी धुवायची. त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. एकदा पोटच्या पोराने एक आकडा जरासा सोयीचा करून लिहिला, तर त्यांनी सगळ्यांदेखत त्याला अख्खा प्रयोग पहिल्यापासून करायला लावला होता.

पट्टी हळूहळू फिकट होत चालली होती. घरी ती अर्ध्या ताटावरून उठायची. आणि या आठवड्यात रंग पुन्हा चढू लागला. पण थकलेले मणी ताजे होत नाहीत, एवढं तिलाही कळत होतं.

नवरा आधी नेहमी कोरं दूध तपासायचा, नळीत न घातलेलं. त्यात पट्टी पिवळीच राहायला हवी. तिला याचा कंटाळा. तो गेल्यावर तिने ते सोडूनच दिलं होतं. आज तिने बाटलीतल्या कोऱ्या दुधात नवी पट्टी बुडवली.

पट्टी हिरवीगार झाली.

म्हणजे हा रंग मण्यांचा नव्हताच, दुधात आधीच कोणीतरी ग्लुकोज घातलं होतं. दूध घरून यायचं. आठवडाभर ते सासरेच आणत होते, तुझ्या हातात ओझं कशाला म्हणून. एका आकड्यासाठी पोराची गय न करणारा माणूस रोज सकाळी ओट्यापाशी उभा राहून चमचा ढवळत होता. तिला रडू आवरेना.

"काय म्हणते पट्टी?" त्यांनी दारातूनच विचारलं. आत आले नाहीत. चष्मा पुसत राहिले, तो स्वच्छच होता.

तिने डोळे पुसले. कोऱ्या दुधातली पट्टी ॲप्रनच्या खिशात सरकवली.

"हिरवी आहे, बाबा." इथे ती त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हणत होती. "उद्याचं दूधही तुम्हीच आणा."