झाकणाआडचा आकडा
यार्मोच्या गाडीचं इंजिन चढावर डब्यात खडे खुळखुळावेत तसं वाजायला लागलं. घरी येताच सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, लाकडं फोडणाऱ्या मेहुण्यादेखत त्याने बायकोवर, तूलिक्कीवर, तोंड सोडलं. "पंचाण्णव ऑक्टेनचं हलकं पेट्रोल भरलंस ना? अठ्ठ्याण्णवच भरायचं, किती वेळा बजावलं? गॅरेजमध्ये हिवाळाभर खपून ट्यून केलेलं इंजिन मातीत घातलंस." तूलिक्की कॉफी करायला आत गेली. ते पेट्रोल उपसून टाकायला त्याने टाकीचं झाकण उघडलं. आतून लाल नेलपॉलिशने ठळक आकडा काढलेला होता: ९८. वळण तिचंच. मग त्याला आठवलं, जास्त जोरासाठी काल स्पार्कचं टायमिंग त्यानेच नको तितकं पुढे ओढलं होतं; इंजिन खुळखुळत होतं ते त्यामुळेच. कान तापले. "काय दाजी, निघालं का पेट्रोल?" मेहुण्याने विचारलं. "बघतोय," तो पुटपुटला. तूलिक्कीने बाहेर येऊन पहिला कप त्याच्यापुढे धरला. तिची नखं नेहमीसारखी कोरी होती; ती लाल बाटली तिने फक्त त्या आकड्यासाठी आणली होती.